गाडी नाही, कर्ज नाही, मग बुकिंगचे पैसे कुणाचे?

पुण्यातल्या धायरीहून आलेलं पत्र मोठं आहे, म्हणून थोडक्यात देते.

"ताई, मुलं मोठी झाली, चौघांना स्कूटर पुरेना, म्हणून दसऱ्याला गाडी बुक केली. ऑन-रोड ९ लाख ८० हजार. ११ हजार क्रेडिट कार्डानं भरले. दुसऱ्या दिवशी सेल्समनचा फोन आला, अलॉटमेंट हवी असेल तर मार्जिन मनी, म्हणजे कर्जाव्यतिरिक्तचा आपला हिस्सा, आजच भरा, नाहीतर पाडव्याला डिलिव्हरी होणार नाही. १ लाख ४० हजार शोरूमच्या खात्यावर एनईएफटी केले. शिवाय ॲक्सेसरीजचं म्हणून १५ हजार त्याच्या स्वतःच्या नंबरवर यूपीआय केले. ८ लाखांच्या कर्जाची फाइल शोरूममधल्याच फायनान्स डेस्कनं लॉगिन केली आणि बँकेनं ती नाकारली. दाजींच्या टेम्पोच्या कर्जाला मी जामीन आहे, त्यांचे हप्ते थकलेत, हे मला तेव्हा कळलं. आता शोरूम म्हणतं, बुकिंग रद्द केलंत तर २५ हजार कापू, उरलेले ४५ दिवसांनी. नाहीतर आमच्या ओळखीच्या फायनान्स कंपनीचं कर्ज घ्या, ८ टक्के फ्लॅट, सात वर्षं. बँकेचा दर ९ होता, म्हणजे हे स्वस्तच की. बायको म्हणते, मुलं मागे बसून पावसात भिजतात, घेऊन टाका. लेस्टरला असलेला चुलतभाऊ म्हणतो, सगळेच पैसे क्रेडिट कार्डानं भरायला हवे होतेस. काय करू?"

नमस्कार. सगळ्यात आधी त्या फायनान्स कंपनीच्या कागदावरची सही थांबवा. बाकीचं नंतर बोलू.

'८ टक्के फ्लॅट' हे ९ पेक्षा कमी दिसतं खरं. पण बँकेचा ९ टक्के दर दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर लागतो, आणि फ्लॅटमध्ये तुम्ही शेवटच्या वर्षीसुद्धा पूर्ण ८ लाखांवर व्याज भरत असता, निम्म्याहून जास्त मुद्दल फेडून झालेलं असलं तरी. पेन घ्या. ८ लाखांचे ८ टक्के म्हणजे वर्षाला ६४ हजार, सात वर्षांचे ४ लाख ४८ हजार. मुद्दलात मिळवा, ८४ नं भागा. हप्ता आला १४,८५७ रुपये. बँकेच्या ९ टक्क्यांनी तेवढ्याच कर्जाचा, तेवढ्याच मुदतीचा हप्ता १२,८७१ रुपये पडतो. महिन्याला जवळजवळ दोन हजारांचा फरक, सात वर्षांत सुमारे १ लाख ६७ हजारांचा. तो 'स्वस्त' ८ टक्के बँकेच्या भाषेत पावणेचौदाच्या आसपास जातो.

आता तुमचे शोरूमकडे एकूण किती अडकलेत? ११ हजार, १ लाख ४० हजार आणि १५ हजार, म्हणजे १ लाख ६६ हजार. म्हणजे २५ हजारांची कापाकापी टाळायला तुम्ही अडकलेल्या सगळ्या रकमेइतकं जादा व्याज भरणार. उद्या शोरूमनं एक पैसाही परत दिला नाही, तरी ते या कर्जापेक्षा स्वस्त पडेल! हे गणित बायकोलाही दाखवा. मुलं मागे बसून पावसात भिजतात हे तिचं म्हणणं बरोबरच आहे, फक्त त्याचा इलाज हे कर्ज नाही.

मी बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बावीस वर्षं काढली आहेत. फायनान्स डेस्कवरचा मुलगा वाईट नसतो. फाइल पास झाली की कर्ज देणाऱ्या कंपनीकडून पे-आउट, म्हणजे कमिशन, मिळतो, आणि ज्या कंपनीचा पे-आउट जास्त तिचं नाव त्याच्या तोंडी आधी येतं, इतकंच. त्याला एवढंच म्हणा, "केएफएस दाखव." म्हणजे 'की फॅक्ट स्टेटमेंट', कर्जाचा खरा खर्च एका जागी मांडणारा कागद. रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी ते सक्तीचं केलं आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते सही करण्याआधी लिहून द्यावं लागतं, आणि विचार करायला निदान तीन कामाचे दिवसही द्यावे लागतात. 'ऑफर आज रात्री बारापर्यंत' हे वाक्य तिथेच संपतं.

आता तुमच्या पैशांकडे वळू. हे एकच गाठोडं समजू नका, तीन वेगवेगळ्या रकमा आहेत.

१ लाख ४० हजारांची गोष्ट आधी, कारण तिथेच तुम्हाला फिरवलं गेलं. मार्जिन मनीची पावती बँक मागते हे खरं आहे, आम्हीही मागायचो. पण कर्ज मंजूर झाल्यावर. आधी सँक्शन, मग ग्राहक आपला हिस्सा शोरूमला भरतो, पावती आणून देतो, मग बँक डीओ (गाडी द्या असं शोरूमला सांगणारी डिलिव्हरी ऑर्डर) काढते आणि कर्जाची रक्कम थेट शोरूमच्या खात्यावर जाते. सँक्शनच्या आधी मार्जिन भरायला सांगणारा कुठलाही नियम नाही. सेल्समननं बँकेचाच नियम उलटा करून तुम्हाला सांगितला. दसऱ्याचा आठवडा म्हणजे शोरूमचा टार्गेटचा आठवडा, आणि एकदा मोठी रक्कम अडकली की माणूस दुसऱ्या शोरूमची पायरी चढत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं.

म्हणून ही रक्कम परत मागताना 'कृपा करून' हा सूर नको. फाइल त्यांच्याच डेस्कनं लावली, कर्ज होईल असं त्यांच्याच माणसानं सांगितलं. व्हॉट्सॲपवर 'लोन होऊन जाईल सर, टेन्शन नका घेऊ' अशा थाटाचा एखादा मेसेज असणारच, पुन्हा नीट शोधा. सापडला की ते चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल करा, आणि प्रकरण मिटेपर्यंत फोन बदलू नका.

शोरूम म्हणेल, रद्द केल्यामुळे आमचं नुकसान झालं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ असं की करारात दंडाची रक्कम छापलेली असली तरी समोरच्याला वाजवी भरपाईच मिळते, आणि छापलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा असते. २०१५ साली दिल्लीतल्या एका भूखंडाच्या लिलावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच पुन्हा बजावलं, की काही नुकसानच झालेलं नसेल तर अनामत जप्त करता येत नाही. दिवाळीत वेटिंग असलेली गाडी तुम्ही सोडलीत तर ती आठवड्यात दुसऱ्याच्या दारात उभी राहणार. मग २५ हजारांचं नुकसान कुठलं? पावती दाखवा म्हणावं.

मात्र एक गोष्ट तुमच्या विरुद्ध जाऊ शकते, त्यासाठी आजच हालचाल करा. गाडी तुमच्या नावावर इन्व्हॉइस झाली, विमा काढला गेला किंवा नोंदणीचा कर भरला गेला, तर तो शोरूमचा खराखुरा खर्च होतो आणि तेवढा कापायचा त्यांना हक्क मिळतो. शिवाय भरलेला कर परत मिळवायचा म्हणजे संगम पुलाजवळच्या आरटीओच्या पायऱ्या झिजवणं आलं. म्हणून फोनवर 'बघू, सांगतो' करत बसू नका, रद्द केल्याचं लेखी कळवा.

बुकिंग फॉर्मची तुमची प्रत आहे का? नसेल तर मागा, आणि मागची बाजू वाचा, तीच जी बुकिंगच्या दिवशी पेढा खाताना कुणी वाचत नाही. तिथे रद्द करण्याचे म्हणून हजार-दोन हजार छापलेले असतील आणि खाली तुमची सही असेल, तर तेवढ्यासाठी भांडू नका, सोडून द्या. २५ हजारांचा आकडा तिथे नसेल, तर तो तोंडी आहे, आणि तोंडी आकडा तोंडातच राहू द्यावा.

११ हजार तुम्ही क्रेडिट कार्डानं भरलेत, तर चुलतभावाचं म्हणणं इथेच उलगडून सांगते. तो चुकीचं बोलत नाहीये, पण त्याच्या देशाबद्दल बोलतोय. इंग्लंडमध्ये १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचं कलम ७५ आहे. वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३० हजार पौंडांपर्यंत असेल, आणि त्यातला थोडासा भाग जरी क्रेडिट कार्डानं भरला असेल, तर विक्रेत्याबरोबर कार्ड देणारी बँकही पूर्ण रकमेला जबाबदार असते. आपल्याकडे असा कायदा नाही. कार्ड कंपन्यांच्या नियमांप्रमाणे 'चार्जबॅक'ची, म्हणजे भरलेले पैसे कार्डावर परत फिरवण्याची, तक्रार करता येते, तीही फक्त कार्डानं भरलेल्या रकमेपुरती आणि मुदतीत. म्हणून शोरूमनं लेखी नकार दिला किंवा पंधरा दिवस उत्तरच दिलं नाही, तर रद्द केल्याचा ईमेल जोडून कार्डाच्या बँकेकडे ११ हजारांचा डिस्प्यूट टाका.

राहिले १५ हजार. हे वाचून मी कपाळावर हात मारला. शोरूमच्या टेबलावर बसून शोरूमच्या गाडीसाठी मागितलेले पैसे माणसाच्या खासगी नंबरवर का जावेत? शोरूमवाले उद्या 'तो मुलगा सोडून गेला, आम्हाला काही माहीत नाही' म्हणतील. नोकरानं नोकरीच्या कामात केलेल्या व्यवहाराची जबाबदारी मालकावर येते, पण तो व्यवहार नोकरीतलाच होता हे तुम्हाला दाखवावं लागेल. कोटेशनच्या कागदावर त्याच्या अक्षरात '१५ ॲक्से.' असं काही लिहिलेलं असेल तर तो चिटोरा सोन्याचा आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. यूपीआयच्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि त्याच दिवसाचं चॅट बरोबर लावा. पैसे साफ नाकारलेच, तर पोलीस चौकीत फसवणुकीचा अर्ज द्या. बहुतेक वेळा अर्जाची प्रत मॅनेजरच्या टेबलावर पोचली की तो मुलगा सापडतो.

ईमेल मॅनेजरला पाठवा, कंपनीच्या ग्राहक सेवेला प्रत टाका. मराठीतच लिहा, काही बिघडत नाही:

"माझी बुकिंग क्रमांक अमुक, मॉडेल तमुक. आपल्या फायनान्स डेस्कमार्फत केलेला कर्जाचा अर्ज बँकेने नामंजूर केला आहे (पत्र सोबत). त्यामुळे मी आज हे बुकिंग रद्द करत आहे. माझ्या नावाने इन्व्हॉइस, विमा किंवा नोंदणी करू नये. मी भरलेली रक्कम: कार्डाने ११,०००, एनईएफटीने १,४०,०००, आपल्या प्रतिनिधीने मागितल्यावरून त्यांच्या क्रमांकावर १५,०००, एकूण १,६६,०००. ती १५ दिवसांत परत करावी. काही कापायचे असल्यास कोणत्या कलमानुसार आणि प्रत्यक्ष कोणत्या खर्चापोटी, हे पावत्यांसह लेखी कळवावे. १५ दिवसांनंतर व्याजासह मागणी करीन."

यात बँकेचं पत्र लागेल. बँक देत नाही म्हणाली तर आठवण करून द्या, की कर्ज नाकारल्याचं मुख्य कारण लेखी कळवावं असं रिझर्व्ह बँकेनंच बँकांना सांगितलेलं आहे, रक्कम कितीही असो.

कंपनीला प्रत पाठवली म्हणजे कंपनी पैसे देईल असं मात्र समजू नका. डीलर कंपनीकडून गाड्या विकत घेतो आणि आपल्या नावानं विकतो. डीलरच्या चुकीला कंपनी आपोआप जबाबदार होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात सांगितलं आहे. प्रत टाकायची ती दबावासाठी. कंपनीच्या तक्रारींच्या यादीत नाव गेलेलं कुठल्याच शोरूमला आवडत नाही.

पंधरा दिवसांत काही हललं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे पुण्यातच. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षं. कायदा तीन महिन्यांत निकाल म्हणतो, पण तेवढ्यात होईल या आशेवर दुसऱ्या गाडीचं बुकिंग करू नका. अर्ज लिहायला कुणी हवं असेल तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटा. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ती चळवळ आपल्या पुण्यातच सुरू केली, आणि मोबदला न घेता तुमचे कागद वाचणारी माणसं तिथे भेटतात. माझा अंदाज विचाराल तर एवढ्यापर्यंत जावं लागणार नाही. दिवाळीनंतर शोरूमला शांतता लागते.

४५ दिवस मात्र मान्य करू नका. तुमच्या पैशावर त्यांचा दीड महिना फुकट व्यवसाय, हे एक झालं. दुसरं, शोरूम म्हणजे बँक नव्हे. जनरल मोटर्सचा कारखाना तळेगावला होता, पण भारतातली विक्री कंपनीनं २०१७ अखेर थांबवली. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. कंपनी गाशा गुंडाळते तेव्हा आधी हलतात ती डीलरांची टेबलं. डीलर बुडाला तर त्याच्या गोदामावर आणि स्टॉकवर पहिला हक्क त्याला कर्ज देणाऱ्यांचा. बुकिंगची पावती घेतलेला माणूस रांगेत फार मागे उभा असतो.

पुढच्या वेळी, आणि पुढची वेळ येईलच, क्रम बदला. आधी स्वतः बँकेत जाऊन सँक्शन लेटर घ्या, शोरूमच्या डेस्कवरून नको. तिथे फाइल एकाच वेळी चार-पाच ठिकाणी लॉगिन होते, प्रत्येकाची चौकशी तुमच्या सिबिलवर उमटते, आणि शेवटी बँकेला वाटतं की हा माणूस सगळीकडे पैसे मागत फिरतोय. मग बुकिंग, जितकं कमी घेतील तितकं. बुकिंग फॉर्मच्या मागे पेनानं एक ओळ लिहून घ्या: 'कर्ज मंजूर न झाल्यास किंवा अमुक तारखेपर्यंत गाडी न मिळाल्यास भरलेली पूर्ण रक्कम सात दिवसांत परत.' खाली मॅनेजरची सही आणि शिक्का. सेल्समनची सही चालत नाही, तो डिसेंबरात दुसऱ्या शोरूममध्ये असतो. 'असं आम्ही लिहून देत नाही' म्हणाले, तर नमस्कार करून बाहेर पडा. सातारा रोडवर आणि बाणेरला शोरूम काही कमी नाहीत.

आणि मोठी रक्कम गाडीला चासी नंबर मिळाल्यावरच. तोपर्यंत तुम्ही गाडी नाही, गाडीचा रंग बुक केलेला असतो. कोटेशनवर नुसतं 'व्हाइट, पेट्रोल, टॉप मॉडेल' असेल तर ती कुणाचीही गाडी आहे. चासी नंबर आणि इंजिन नंबर लिहिलेला कागद हातात आला, यार्डात जाऊन तोच नंबर गाडीवर पाहिला, की मग मार्जिन भरा. शोरूमच्या खात्यावर, शेऱ्यात बुकिंग क्रमांक टाकून, आणि छापील पावती घेऊनच जागेवरून उठा. डिलिव्हरीच्या वेळी फॉर्म २१ वाचा. त्यावर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं, कुठल्या बँकेकडे तारण आहे तेही असतं. जानेवारीत गाडी घेणाऱ्यांनी तर हे चष्मा लावून वाचावं.

किमतीबद्दलही तेच. बुकिंगच्या दिवशीची किंमत तुमच्यासाठी गोठत नाही, इन्व्हॉइसच्या दिवशीची लागू होते, वेगळं लिहून घेतलं असेल तरच अपवाद. कधी याचा फायदाही होतो. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला, तेव्हा ऑगस्टमध्ये बुकिंग करून थांबलेल्यांचं भलं झालं. पण दर जानेवारीत कंपन्या किमती वाढवतात, तेव्हा हेच कलम उलटं चावतं.

आता दाजी. टेम्पोचं कर्ज त्यांचं असलं तरी जामीनदार म्हणून ते तुमच्या पत-अहवालात दिसतं, आणि थकलं की तुमचं तोंड काळं होतं. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी अहवाल काढा, सिबिलसारख्या पत-अहवाल देणाऱ्या चारही कंपन्या तो वर्षातून एकदा फुकट देतात. किती हप्ते थकले ते आकड्यात पाहा. तीनेक हप्ते असतील आणि दाजींना जमत नसेल, तर परत आलेल्या मार्जिनमधून तेवढे भरून टाकणं तुमच्याच फायद्याचं ठरेल, मात्र पैसे थेट कर्जखात्यावर भरा, दाजींच्या हातात देऊ नका. २०२५ पासून ही माहिती पंधरवड्यानं अद्ययावत होते. हप्ते भरल्यावरही अहवालात थकबाकी दिसत राहिली तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. त्यानंतर तीन-चार महिने सगळे हप्ते वेळेवर गेले की त्याच बँकेत पुन्हा अर्ज टाका.

म्हणजे गाडी पाडव्याला नाही, फार तर गुढीपाडव्याला येईल. सारसबागेतला गणपती तेव्हाही तिथेच असेल, हार-नारळाची गाडी दाराशी उभी असेल. ईमेल आज रात्रीच पाठवा, आणि दाजींशी बोलायला जाल तेव्हा बहिणीला शेजारी बसवून हिशेब काढू नका. तिला बहुतेक हप्ते थकल्याचं माहीतच नसेल.